कॅमेऱ्यालाच राम राम

धाड गावाच्या अलीकडे फाट्यावर उतरून आत चालायला लागलं की जे पहिलं गाव लागतं, तिथला हा कारभारी. नाव कारभारी असलं तरी गावाचा कारभार कधी त्याच्या हातात नव्हता, आणि घरचा तर नव्हताच नव्हता. घर झुंबरबाईच्या, म्हणजे बायकोच्या हाती. शेत आणि धाडचं कृषी केंद्र मुलाच्या, गोकुळच्या हाती. वाटण्या झाल्यासारखं सगळं ज्याचं त्याला गेलं आणि कारभारीच्या वाट्याला उरला घरापुढचा ओटा.

पण ओटा म्हणजे काय ओटा! शहाबादी फरशीचा, सकाळी सावलीत, आणि उंची अशी की बसणाऱ्याचे पाय खाली टेकत नाहीत. त्यामुळे माणूस एकदा बसला की लवकर उठत नाही. सकाळी दूध काढून झालं की कारभारी तिथे येऊन बसायचा. त्याला जगात एकच गोष्ट जमत नव्हती, ती म्हणजे एकट्यानं चहा पिणं. कप हातात घेऊन तो आधी गल्लीच्या या टोकाला बघायचा, मग त्या टोकाला, आणि कुणी दिसलं की तिथूनच हाक घालायचा, "ये बे, चहा थंडा होऊन राह्यला!" जणू काही चहा येणाऱ्याचाच होता. माणूस बसला की कारभारीची गोष्ट सुरू. एका गोष्टीतून दुसरी निघायची, दुसरीतून तिसरी, आणि पहिली कुठे राहिली हे शेवटी ऐकणाऱ्यालाच आठवण करून द्यावं लागायचं.

हे आठवण करून देण्याचं काम नारायणरावाचं. नारायणराव म्हणजे समोरच्या घरचा. दोघांमधली गल्ली एवढी अरुंद, की ट्रॅक्टर जाताना इकडच्याने आणि तिकडच्याने, दोघांनीही पाय वर घ्यायचे. शाळा दोघांनी एकत्र शिकली आणि एकत्रच सोडली. सकाळी कारभारीच्या घरात कपबशी वाजली की नारायणराव गल्ली ओलांडून हजर.

असं सगळं बरं चाललं होतं, आणि मग गोकुळने कॅमेरा आणला.

कारणही तसं झालं. बाजूच्या गावात कुणाच्या अंगणातून सोयाबीनचे कट्टे उचलून नेल्याची बातमी आली. गोकुळ दिवसभर दुकानात, आणि त्याची बायको डिंपल घरी. ती म्हणाली, "मामाजी ओट्यावर राह्यतात, पण गोष्टीत राह्यतात. मागून कोणी म्हैस सोडून नेली, तरी त्याइले पत्ता लागणार नाही." हे काही खोटं नव्हतं. मग गोकुळनेच शिडी लावून ओट्याच्या खांबावर कॅमेरा ठोकला. पांढरा, लिंबाएवढं डोकं, मध्ये काळा डोळा. हललं काही की त्याची मान आपोआप तिकडे फिरायची. त्यात दिसायचंही आणि ऐकूही यायचं. घरी असणारा माणूस कोण, तर कारभारी, म्हणून ते सगळं गोकुळने कारभारीच्या फोनमध्ये घालून दिलं.

कारभारीला जे सुख झालं ते विचारू नका. पंखा लावून आतल्या खोलीत लोळायचं आणि फोनमध्ये गल्ली बघायची. झुंबरबाई म्हणाली, "अहो, दोन पावलं बाहेर गेलं की हेच दिसते, अन् मोठं दिसते."

"तुले नाही समजत. मले सारे दिसतात, पण मी कोणाले दिसतो का? नाही दिसत!"

"त्यात काय मोठं? माही सासूबी असंच पाहत होती, तिले फोन नव्हता लागत."

गावाने मात्र त्या कॅमेऱ्याचा आपल्या पद्धतीने अर्थ लावला. कारभारीच्या घराच्या खांबावरून जे बघतं, ते कारभारीच. यात कुणाला शंका नव्हती. तरणी पोरं गल्लीत शिरली की कॅमेरा दिसताच बिडी पाठीमागे न्यायची. मोठी माणसं हात वर करून म्हणायची, "राम राम कारभारीभाऊ," आणि तशीच पुढे निघायची. कारभारी बाहेर येऊन हाक मारायचा, "अबे, बस ना!" तर माणूस म्हणायचा, "सकाळीच झाला ना राम राम."

"कवा?"

"काय राजेहो, इथंच. कॅमेऱ्यात."

केसरबाई तर त्याच्यापुढची. ही गल्लीच्या टोकाची म्हातारी, कानाने कमी आणि तोंडाने जास्त. ती एका दुपारी कॅमेऱ्याखाली उभी राहून वर बघत म्हणाली, "कारभारी, माही सोजीची चाळणी तुह्या घरी आहे. झुंबरीले म्हणा आज दे, मले शेवया कराच्या आहेत." म्हणाली आणि थांबली. कॅमेऱ्याने मान फिरवून तिच्याकडे बघितलं. ती अजून थांबली. मग रागाने निघून गेली आणि दारोदार सांगत सुटली, "पाह्यलं माह्याकडं. चांगलं मान वळवून पाह्यलं. पण हाव म्हणे ना नाही म्हणे. लय मोठा झाला हा कारभारी." कारभारी त्या वेळी घोरत होता.

गंमत चालली होती तोवर ठीक होतं. पण नारायणरावाची सून पूनम, तिची पंचाईत झाली. तिचं अंगण म्हणजे कॅमेऱ्याच्या बरोबर समोर. कारभारी नात्याने नाही, तरी गावाच्या हिशेबाने तिचा सासरा. सासऱ्यापुढे पदर घ्यायचा. आता सासरा जर दिवसभर खांबावर बसून असेल तर? ती बिचारी एका हाताने पदर धरायची आणि एका हाताने धुणं वाळत घालायची. एकदा वाऱ्याने पदर उडाला, तेव्हा ती ओली सतरंजी डोक्यावर घेऊन आत पळाली. डिंपलने हे बघितलं आणि हसून हसून तिच्या डोळ्यांना पाणी आलं. पण नारायणरावाची बायको पुष्पाबाई हसली नाही. ती सरळ ओट्यापुढे येऊन उभी राहिली.

"भाऊजी, तुमी ओट्यावर येता तवा काय करता?"

"काय करतो वहिनी?"

"खाकरता. जलमभर खाकरत आले तुमी. म्हणून आमाले समजते, अन् आमी आपलं सावरून बसतो. आमचं अंगण समोर, आमची न्हाणी समोर. पण आमचा तुमच्यावर भरवसा होता, तुमच्या खाकरण्यावर होता. हा मेला खाकरत नाही."

कारभारी म्हणाला, "गोकुळले सांगतो." पण सांगितलं नाही. त्याला ते फोनमधलं बघणं गोड लागलं होतं.

आणि त्यातच जिलेबीचा प्रकार झाला.

नारायणरावाला साखर निघालेली. डॉक्टरने गोड बंद केलं होतं आणि पुष्पाबाईने डॉक्टरपेक्षा जास्त बंद केलं होतं. धाडच्या बाजाराच्या दिवशी नारायणराव जीपमधून उतरला, घरापर्यंत आला, आणि दारातच थबकला. पिशवीतून पुडा काढला. इकडे तिकडे बघितलं. गल्लीत चिटपाखरू नाही; वर खांबाकडे बघायचं मात्र राहून गेलं. मग त्याने भिंतीकडे तोंड करून उभ्या उभ्या जिलेबी खाल्ली. पाक बोटांवरून मनगटावर आला तो चाटला, कागद गोळा करून पन्हाळात कोंबला, मिशा पुसल्या, आणि आत जाता जाता मोठ्याने म्हणाला, "अवं, मले आज जेवण थोडंच वाढजो, भूक नाही." हे सगळं कारभारीने खाटेवर लोळून बघितलं. शेवटचं वाक्य तर त्याने दोनदा लावून ऐकलं.

आता असली गोष्ट कारभारीच्या पोटात राहील का? दुसऱ्या दिवशी ओटा भरलेला होता. कारभारीने उठून, भिंतीकडे तोंड करून, मनगट चाटून, मिशा पुसून, सगळं जसंच्या तसं करून दाखवलं. ओट्यावरची माणसं लोळायची बाकी राहिली. नारायणराव कप हातात धरून तसाच बसला होता. आणि गल्लीच्या पलीकडे झाडता झाडता पुष्पाबाईचा झाडू थांबला होता.

ती तिथूनच म्हणाली, "म्हणून भूक नव्हती काय?"

नारायणरावाने कप खाली ठेवला.

"कारभारी, तू मले जलमभर पाह्यलं," तो म्हणाला, "पण तवा मीबी तुले पाहत होतो. तू म्हशीचं दूध धारेनं तोंडात घेतो अन् घरी म्हणतो आज दूध कमी निंघालं, हे मले ठाऊक नाही काय? पण म्या कवा कोणाले सांगतलं?"

"आत्ताच सांगतलं की बे," कुणीतरी मागून म्हणालं.

पुन्हा हशा झाला. आतून झुंबरबाईचा आवाज आला, "दूध कमी कायचं?" पण नारायणराव हसला नाही. धोतर झटकून उठला आणि म्हणाला, "समोरासमोर पाहणं येगळं, अन् लपून पाहणं येगळं. बस तू आता तुह्या लिंबासोबत." आणि गल्ली ओलांडून घरात गेला. दार लावून घेतलं. भर दिवसा त्या घराचं दार लागलेलं गल्लीने पहिल्यांदा बघितलं.

त्या दिवसापासून ओटा रिकामा पडत गेला. आधी नारायणराव नाही. मग जो तो विचार करायला लागला, की आज जिलेबी निघाली, उद्या आपलं काय निघेल? ओट्यावर बोललेलं फोनमध्ये साठून राहतं, असंही कुणी सांगितलं. मग काय! ज्याने त्याने आपापल्या भावकीबद्दल, सरपंचाबद्दल, बायकोच्या माहेराबद्दल ओट्यावर काय काय बोलून ठेवलं होतं, ते ज्याला त्याला आठवलं. लोक कॅमेऱ्याला लांबूनच राम राम करायचे आणि मागच्या बोळातून जायचे.

कारभारी कप घेऊन बसायचा. चहावर साय धरायची. डिंपल तो आत नेऊन गरम करून आणायची. पुन्हा साय. शेवटी तो उकळून उकळून काळा ढोण झालेला चहा झुंबरबाई उकिरड्यावर ओतायची. एकदा त्याने एका बोहारणीला बळंच बसवून घेतलं. बाई बसली, तिने कप घेतला, वर बघितलं, तिला कॅमेरा दिसला, आणि तिला एकदम आठवलं की तिला बीबी गावाला जायचं आहे. भांड्यांची पाटी घेऊन गेली. बीबी तिथून कुठच्या कुठे.

रात्री जेवताना कारभारी म्हणाला, "गोकुळ, काढ ते लचांड."

"काढाचं कसं बाबा? डिंपल एकटी राह्यते."

"मंग गोठ्यात लाव. चोर आला तर म्हशीच नेईन ना. माह्या ओट्यावर काय आहे चोराले? काहीच राह्यलं नाही."

हे शेवटचं त्याने अशा काही आवाजात म्हटलं, की गोकुळने सकाळी दुकानात जायच्या आधी शिडी लावली. कॅमेरा घराच्या बगलेला गोठ्यातल्या मेढीच्या खांबावर गेला. कारभारी ओट्यावर उभा राहून गल्लीला ओरडून सांगायला लागला, "गेला बे! काढला! या आता!"

कुणी आलं नाही. उलट जास्तच भ्यायले. खांबावर खिळ्यांची भोकं उरली होती ना, त्यांच्याकडे बघून केसरबाई म्हणाली, "बारीक बसवला असन. मोठा होता तवा दिसत तरी होता, तोंड लपवता येत होतं. आता कुठून पाहतो काय माहीत!" हे सगळ्यांना पटलं.

मग मात्र कारभारीने चपला घातल्या, फोन उचलला, आणि गल्ली ओलांडली. नारायणराव आत भिंतीकडे तोंड करून बसला होता. पुष्पाबाई दारात आली. कारभारी बाहेरच उभा राहिला.

"वहिनी, ज्याच्यात दिसते ते हे. हे तुमच्या घरी ठेवा. नारायणाले द्या. फोडा, नाही तर चुलीत घाला. माह्याकडं आता काहीच नाही पाहाले."

पुष्पाबाईने फोन घेतला. नारायणरावाने भिंतीकडचं तोंड वळवलं नाही. कारभारी परत आला.

नातेवाईकांचे फोन आता समोरच्या घरी वाजायला लागले. पुष्पाबाई तिथूनच ओरडून सांगायची, "झुंबरबाई, तुमच्या जळगावच्या भावाचा फोन आलता, मिरची झाली म्हणे!" एवढाच काय तो दोन घरांचा संबंध. नारायणरावाचं दार अर्धं उघडायला लागलं, पण तो काही बाहेर आला नाही.

आता कारभारीच्या हिशेबाने फोन हातात नाही म्हणजे कॅमेरा मेला. दिवा गेला की घर अंधारतं, तसं. गोठ्यातल्या मेढीवर ते लिंबू अजून मान फिरवत होतं, पण कारभारीला ते खुंटीवरच्या दाव्यासारखं झालं होतं. एका सकाळी ओट्यावर बसून बसून तो कंटाळला आणि कप घेऊन गोठ्यात गेला. म्हशीपुढे पालथी बादली ठेवून बसला. म्हैस रवंथ करत होती. कान हलवत होती. ऐकणाऱ्यासारखी दिसत होती.

"तर ऐक," कारभारी तिला म्हणाला. "मी अन् नारायण, दोघं जळगाव जामोदले गेलतो. पोरगी पाहाले. पोरगी म्हणजे हे आताची तुही मालकीण. तीन गाड्या बदलल्या. माह्या पायात नवे बूट. कोरे करकरीत! नारायणाच्या पायात काय, तर वहाणा. तर तिथं गेल्यावर आमी बूट काढले, ओसरीवर बसलो, पोहे आले. अन् तेवढ्यात एक कुत्रं आलं अन् माहा एक बूट घेऊन पळालं. नारायण घाबरला. मी काय केलं? पोह्यांची ताटली ठेवली, अन् निंघालो कुत्र्यामागं. सारं जळगाव पाहून राह्यलं! पुढं कुत्रं, मागं मी—"

"खोटं!"

आवाज मेढीतून आला. कारभारी हलला. म्हशीनेही रवंथ थांबवली.

"साफ खोटं बोलून राह्यला बे म्हशीले! बूट माहे होते!"

कारभारीच्या हातातला चहा उडाला तो म्हशीच्या पाठीवर. म्हैस उसळली, खुंटा उपटला, बादली उडवली, आणि गोठ्यातून जी सुटली ती गल्लीत. खुंटा मागे खणखणत चालला. "म्हैस सुटली, म्हैस सुटली" असा ओरडा झाला. घराघरातून माणसं बाहेर पडली, कुणी दाराशी आडवं झालं, कुणी ओट्यावर चढलं. आणि समोरच्या घरातून बनियनवर, एका हातात कारभारीचा फोन तसाच धरून, नारायणराव धावत आला आणि त्याने दावं पकडलं.

झालं होतं असं, की पुष्पाबाईने तो फोन घेतला त्या दिवशीच देवळीत उपडा करून ठेवला होता. पण पूनमला राहवेना. तिने उघडला. आधी सगळे नुसतीच म्हैस बघायचे. नारायणराव म्हणायचा, "म्हैस पाहाले काय फोन लागते?" आणि तिरक्या डोळ्याने बघायचा. त्या सकाळी कारभारी म्हशीपुढे बसलेला दिसला तशी सगळी फोनवर वाकली. गोष्ट बुटांपर्यंत आली तेव्हा नारायणरावाला सहन होईना. पूनम म्हणाली, "मामाजी, हे दाबलं की आपला आवाज तिकडं जाते." तिने दाबलं आणि नारायणराव बोलला.

आता भर गल्लीत, एका हाताने म्हशीचं दावं आणि दुसऱ्यात फोन, नारायणराव सांगत होता, "बूट माहे! माह्या मावसभावाचे मागून आणलेले! यानं माहे बूट घातले, अन् याच्या वहाणा मले देल्या! अन् कुत्र्यामागं कोण पळालं? मी! हा पोहे खाऊन राह्यला होता!"

"तू पळाला?" म्हशीमागून पळत येऊन ओट्यावर चढलेला कारभारी ओरडला. "तुह्यानं तवाबी पळणं होत नव्हतं! तू दारापर्यंत गेला अन् धापा टाकत परत आला!"

"मंग बूट कोणं आणला?"

"म्या आणला!"

"कोणाची शपथ घेतो?"

म्हैस तिथेच उभी. माणसं तिथेच. कुणी म्हणालं कारभारीचं खरं असेल, कुणी म्हणालं नारायणरावाचं. बोलता बोलता जो तो ओट्यावर चढून बसायला लागला, कारण उभ्याने निकाल लागेल असं दिसत नव्हतं. डिंपलने न विचारता चहाचं मोठं भगुणं चढवलं. म्हैस जाग्यावर बांधून नारायणराव परत आला तो सरळ ओट्यावर, आणि भांडतच बसला.

तेवढ्यात झुंबरबाई दारात आली.

"बूट माह्या आजीनं आणला," ती म्हणाली.

दोघंही तोंड उघडं ठेवून तिच्याकडे बघायला लागले.

"कुत्र्यामागं कोणीच पळालं नाही. हे ताटलीतून मान वर काढून राह्यले नव्हते. अन् नारायणभाऊजी ओसरीवर उभे, 'माहा बूट, माहा बूट' करत होते, बस. म्हातारी काठी घेऊन गेली, अन् कुत्र्याच्या तोंडातून ओढून आणला. म्हणून तर मले वाटलं, ज्याचे बूट तोच नवरदेव. मी नारायणभाऊजीलेच पसंत करून बसली होती."

पुष्पाबाई आपल्या दारात बसली होती ती हसता हसता आडवी झाली. पूनमने तोंडात पदर कोंबला.

"पण तू तर आत होती," कारभारी कसाबसा म्हणाला. "तुले कसं दिसलं?"

"दाराले फट होती ना. तुमी पोरगी पाहाले आलते, म्हटलं आपणबी पाहून घ्यावं."

"अन् इतके वर्षं बोलली नाही?"

"तुमच्यातून सवड भेटली तवा बोलीन ना."

ओटा हसत होता. चहा आला, कप कमी पडले म्हणून पेले आले, पेले कमी पडले म्हणून पूनम समोरून आपल्या घरचे घेऊन आली. कारभारीच्या हातात कप आला. त्याने फुंकर मारली, वाफ असतानाच एक घोट घेतला, आणि जन्मात कधी न विचारलेलं विचारलं.

"मंग? पुढं काय झालं?"

झुंबरबाईने पदर कमरेला खोचला. नारायणरावाला म्हणाली, "सरका थोडे." ओट्याच्या कडेला बसली, पाय सोडले, आणि सगळ्यांकडे एकवार बघून म्हणाली, "सांगते. पण मधात कोणी बोलाचं नाही."